जॅझ, रेडिओ आणि आपली लोंढा लाइन

(मंडळाच्या गणेशोत्सवात जुन्या रेकॉर्डी ऐकवत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणरायाच्या मांडवात भजन होतं, कीर्तन होतं, नाट्यसंगीताची मैफल होते. जॅझवर कुणी बोलायला उभं राहत नाही. त्यामुळे कार्यक्रमपत्रिका घरोघरी पोचल्यापासून आम्हाला एकच प्रश्न विचारला जातो आहे, "अहो, सीमाभागात आपण मराठी टिकवायला धडपडतोय, आणि तुम्ही हे अमेरिकेचं संगीत कुठून काढलंत?"

प्रश्न रास्त आहे. आजचं आमचं सगळं बोलणं म्हणजे त्याचंच उत्तर आहे.

आधी आम्ही कोण ते सांगतो. आम्ही बेळगाव, शहापूर आणि निपाणीकडचे सात-आठ जुने श्रोते. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी बँकेतला, कुणी तंबाखूच्या व्यापारातला. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो. चहा होतो, थोडा कुंदा होतो आणि मग रेकॉर्डी लागतात. आमच्या मंडळींना नाव नाही, वर्गणी नाही, पावतीपुस्तक तर नाहीच. भांडणं मात्र भरपूर आहेत, त्याविषयी पुढे सांगूच.

जॅझ म्हणजे काय, हे सांगायला आम्ही आधी मिरवणूक घेतो. आपल्याकडे डॉल्बी येण्यापूर्वी गणपतीपुढे आणि लग्नाच्या वरातीपुढे बँड असायचा. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, एखादा सॅक्सोफोन, पुढे मोठा ढोल, बाजूला साइड ड्रम. अमेरिकेच्या दक्षिणेला न्यू ऑर्लिन्स नावाचं बंदर आहे. तिथंही अशीच वाद्यं घेऊन बँड रस्त्यावरून जायचे. लग्न असो, सण असो, अगदी अंत्ययात्रा असो. स्मशानाकडे जाताना संथ सूर आणि परतताना नाचरी लय. मागून लोक नाचत चालायचे. ज्यांच्या आधीच्या पिढ्यांनी गुलामी सोसली होती, त्या काळ्या माणसांनी या लष्करी वाद्यांतून आपलं गाणं काढलं. तेच जॅझ. ज्यांनी आपली विसर्जनाची मिरवणूक रात्रभर पायी चालून पाहिली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्यातलं दुसरं मर्मही आपल्या ओळखीचं आहे. चीज ठरलेली, पण ती मांडायची कशी हे गवई त्या क्षणी ठरवतो. जॅझवाल्यांचंही तसंच. धून ठरलेली, तिची आवर्तनं फिरत राहतात, आणि एकेक वादक पुढे येऊन त्या आवर्तनात आपलं म्हणणं मांडतो. भजनात मृदंगवाला ठेक्याला जो झोल देतो, तसा झोल त्यांच्या लयीतही असतो. तो कागदावर लिहिता येत नाही, ऐकावाच लागतो.

(इथे लुई आर्मस्ट्राँग यांची १९२८ सालची 'वेस्ट एंड ब्लूज' ऐकवली.)

सुरुवातीला साथसंगत काहीच नाही. एकटा ट्रम्पेट, तोही जेमतेम बारा-तेरा सेकंद. पण तेवढ्यात आर्मस्ट्राँगनी सगळा रस्ता दाखवून टाकला. आमच्यातले एक ज्येष्ठ याला 'आलाप' म्हणतात. दुसरे म्हणतात, "आलाप कसला, ही तर तान आहे की!" हा वाद गेली कित्येक वर्षं चालू आहे.

बारा सेकंदांत एवढं का सांगावं लागलं? कारण ७८ फेऱ्यांच्या दहा इंची रेकॉर्डवर एका बाजूला सुमारे तीन मिनिटंच मावायची. ही अट आपल्या गवयांनाही होती. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी तासाभराचा राग तीन मिनिटांत बसवला, तो याच अटीमुळे. पहिली जॅझ रेकॉर्ड १९१७ सालची. आपल्याकडे त्याच्याही आधी, १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं होतं. आणि एक गंमत ऐका. या रेकॉर्डी बनायच्या लाखेपासून, आणि जगाला लाख पुरवणारा मुख्य देश आपला. शिकागोत जी रेकॉर्ड वाजायची तिच्यातही हिंदुस्थानच्या जंगलातली लाख असण्याचा संभव मोठा!

रेकॉर्ड ऐकून शिकणाऱ्यांची गोष्ट तर खास आपली. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र कोमकली नावाचा मुलगा लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी हुबेहूब गाऊन दाखवायचा. लोक थक्क व्हायचे. तोच पुढे कुमार गंधर्व झाला. साधारण तशीच गोष्ट अमेरिकेत आयोवा राज्यातल्या बिक्स बायडरबेक या मुलाची. तो घरातल्या ग्रामोफोनवर जॅझच्या पहिल्यावहिल्या रेकॉर्डी लावायचा आणि त्यांच्याबरोबर कॉर्नेट वाजवत एकटाच शिकायचा. तो अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेला, पण त्याचा सूर अजून ओळखू येतो. दोघांनाही सुरुवातीचं वळण तबकडीनं दिलं. म्हणून आम्ही म्हणतो, जुनी रेकॉर्ड ही नुसती शोभेची वस्तू नाही.

आता आपल्या लोंढा लाइनकडे येऊ या.

गोव्यातून मुंबईला जायला एक रस्ता आगबोटीचा होता आणि दुसरा रेल्वेचा. मुरगाव, कॅसलरॉक, लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे. कॅसलरॉकला पोर्तुगीज हद्द संपायची, तिथं सामान तपासलं जायचं, आणि मग गाडी आपल्या स्टेशनात यायची. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. गावात पोट भरत नसे, म्हणून ही मुलं वाद्याची पेटी उचलून मुंबईची वाट धरत. हॉटेलातले वाद्यवृंद, मूकपटांच्या थिएटरांतली साथ, लष्कराचे आणि संस्थानिकांचे बँड, जिथं काम मिळेल तिथं. काही कुटुंबं वाटेत बेळगावच्या कॅम्पातही राहिली. छावणीचं गाव, इंग्रजी शाळा, बँडला मागणी. कॅम्पात ज्यांचं बालपण गेलं त्यांना संध्याकाळी कुठल्यातरी घरातून येणारा व्हायोलिनचा रियाज आठवत असेल.

मुंबईत या मुलांना जॅझ भेटलं ते थेट अमेरिकन वादकांकडून. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबे यांचा काळ्या वादकांचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ ट्रम्पेटवाले क्रिकेट स्मिथ आले आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. मायदेशात ज्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात पुढच्या दारानं शिरता येत नसे, ते इथं मानानं वाजवत होते. वेदरफर्ड तर इथलेच झाले. १९४५ मध्ये कलकत्त्यात पटकीनं त्यांचा अंत झाला. त्यांच्याकडून ऐकून आणि त्यांच्याशेजारी बसून गोव्याची पोरं तयार झाली. हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ त्यांतलेच. चिक चॉकलेट या नावानं ते गाजले. लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

पुढे देश स्वतंत्र झाला, साहेब गेला आणि मुंबई राज्यात दारूबंदी आली. त्या वेळी आपला बेळगाव जिल्हाही मुंबई राज्यातच होता, हे जुन्या मंडळींना सांगायला नको. हॉटेलं थंडावली. मग वादकांनी पोटासाठी दुसरं दार ठोठावलं, ते सिनेमाच्या स्टुडिओचं. त्या दारात उभा होता आपला एक मराठी माणूस.

रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. १९५१ मध्ये त्यांनी 'अलबेला'ला संगीत दिलं. चित्रपटाचे नायक आणि दिग्दर्शक भगवानदादा, म्हणजे भगवान आबाजी पालव, हेही मराठीच. त्यातल्या एका नाचाच्या गाण्यात चिक चॉकलेट आणि त्यांचे साथीदार पडद्यावरही दिसतात. भगवानदादांच्या नाचावर आपल्या अनेक पिढ्यांनी ठेका धरला, पण मागे वाजणारा ट्रम्पेट आल्डोना ऊर्फ हळदोण्याहून आला आहे हे फार थोड्यांच्या ध्यानात आलं. पुढे १९५७ च्या 'आशा'मध्ये किशोरकुमारांनी निरर्थक अक्षरांचं ते प्रसिद्ध गाणं म्हटलं. आर्मस्ट्राँगनी १९२६ मध्ये शब्दांऐवजी नुसत्या अक्षरांत गायची जी तऱ्हा रेकॉर्डवर गाजवली, तिचंच हे भावंड. आपण तराण्यात तेच करतो. आणि त्या गाण्यात कोकणी शब्दही येऊन गेले आहेत. आता सांगा, हे संगीत अमेरिकेचं, मराठी माणसाचं, की गोव्याचं?

(इथे 'अलबेला'मधील एका गाण्याची ७८ची रेकॉर्ड ऐकवली.)

आता ही रेकॉर्ड हातोहात फिरवतो, जरा कडेनं धरा. लेबल वाचा. चित्रपटाचं नाव आहे. गाणाऱ्यांची नावं आहेत, संगीतकाराचं आहे. ट्रम्पेट कुणी वाजवला? नाही. वाद्यमेळ कुणी लिहिला? नाही. गाणाऱ्यांनाही हा मान सहज मिळालेला नाही. १९४९ च्या 'महल'मधल्या लताबाईंच्या गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डवर सुरुवातीला गायिका म्हणून 'कामिनी' हे पात्राचं नाव छापलं होतं! गायकांची नावं पुढे आली. वादकांची मात्र राहून गेली.

संगीतकार चाल गाऊन दाखवायचा. मग संगीत संयोजक व्हायोलिनं काय वाजवतील, ट्रम्पेट कुठं शिरेल, सॅक्सोफोन कुठं उत्तर देईल, हे सगळं स्वरलिपीत लिहून काढायचा. शंकर-जयकिशन यांच्याकडे हे काम वर्षानुवर्षं सेबास्टियन डिसोझा यांनी केलं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे तर प्यारेलाल व्हायोलिन शिकले. पुढे 'अमर अकबर अँथनी'त गुरूचं नाव गाण्यात आलं, तेव्हा देशभर ते नाव दुमदुमलं. पण तो खरा माणूस कोण, हे कुणी विचारलं नाही. फ्रँक फर्नांड, ख्रिस पेरी, लॉर्ना, अशी किती नावं सांगावीत! १९६८ मध्ये शंकर-जयकिशन यांनी 'रागा-जॅझ स्टाइल' नावाची एलपी काढली. रईस खाँची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, जॉन परेरा यांचा ट्रम्पेट, लेस्ली गुदिन्हो यांचे ड्रम आणि तोडी, भैरव, मालकंस असे आपले राग. या मंडळींना एरवी गाण्याच्या कडव्यांमध्ये काही सेकंद मिळत. इथं त्यांना अख्खी रेकॉर्ड मिळाली. आमच्या बैठकीत ती निघाली की चहा हमखास गार होतो.

आता रेडिओ. रेकॉर्डी श्रीमंताघरी, रेडिओ गल्लीत एखाद-दुसरा. लायसन पोस्टातून काढायचं, छताखाली जाळीची एरियल ताणायची, आणि दिवे तापून आवाज येईपर्यंत सगळ्यांनी गप्प बसायचं. पण एकदा काटा फिरू लागला की सीमाभागाचा खरा नकाशा त्या काचेवर दिसायचा. १९५० पासून धारवाड केंद्र. तिथून मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हानगल यांचं गाणं यायचं. १९६३ पासून सांगलीचं मराठी केंद्र. मुंबईची 'आपली आवड'. दक्षिणेकडे आधी 'एमिसोरा द गोवा' आणि मुक्तीनंतर आकाशवाणीचं पणजी केंद्र. १९५६ मध्ये कागदावर रेघ ओढली गेली, तिचं दुःख आपण सगळे जाणतो. पण आपल्या कानांनी ती रेघ कधी मानली नाही. कानडी वचन, मराठी अभंग, कोकणी मांडो, सगळं एकाच संध्याकाळी, एकाच काट्यावर.

आणि सिलोन! १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. हेही मराठी गृहस्थ. त्यांना शास्त्रीय संगीताचा मोठा अभिमान. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. झालं काय, अख्खा देश काटा फिरवून सिलोनवर गेला. त्याच वर्षी तिथं अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. सिलोनचा आवाज एवढा खणखणीत का? तर दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यासाठी कोलंबोला मोठं प्रक्षेपण केंद्र उभारलं होतं, तेच पुढे रेडिओ सिलोनकडे आलं. सैनिकांसाठी लावलेल्या त्या यंत्रावरून चिक चॉकलेटचा ट्रम्पेट सी. रामचंद्रांच्या चालीत लपून निपाणीत पोचला. शेवटी १९५७ मध्ये आकाशवाणीनं 'विविध भारती' सुरू केली.

शुद्ध जॅझ ऐकणाऱ्यांना मात्र रात्री जागावं लागे. शॉर्ट वेव्हवर 'व्हॉइस ऑफ अमेरिका'. जानेवारी १९५५ मध्ये विलिस कॉनोव्हर यांनी तिथं जॅझचा कार्यक्रम सुरू केला. ड्यूक एलिंग्टन यांची 'टेक द ए ट्रेन' ही धून वाजायची आणि मग तो भारदस्त, अगदी सावकाश आवाज यायचा. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांना समजावं म्हणून ते मुद्दाम एकेक शब्द सुटा बोलत. गंमत अशी की ही नभोवाणी अमेरिकेतल्या लोकांसाठी नव्हती, तसा तिथला कायदाच होता. त्यामुळे कॉनोव्हर मॉस्कोत, वॉर्साॅत आणि आपल्या टिळकवाडीत ओळखीचे, पण स्वतःच्या देशात रस्त्यावरून गेले तर कुणी वळून बघणार नाही. आवाज लाटेसारखा यायचा आणि जायचा. ऐन रंगात आलेला सॅक्सोफोन खरखरीत बुडायचा. उरलेला आपण मनात वाजवायचा.

आता आमची भांडणं. पहिला तट म्हणतो, १९४० नंतर जॅझच उरलं नाही. दुसरा म्हणतो, १९५९ हेच खरं साल, कारण त्या एका वर्षात माइल्स डेव्हिस यांची 'काइंड ऑफ ब्लू' आणि डेव्ह ब्रुबेक यांची 'टाइम आउट' अशा दोन एलपी ध्वनिमुद्रित झाल्या. ब्रुबेक आदल्याच वर्षी, १९५८ मध्ये, भारतात येऊन गेले होते. मुंबईत त्यांनी सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवलंही. 'टाइम आउट'मधली 'टेक फाइव्ह' पॉल डेस्मंड यांची. चार मात्रांना सरावलेल्या अमेरिकन कानांना तिच्या पाच मात्रा नवलाच्या वाटल्या. आमच्यातले तबल्याचे जाणकार पहिल्यांदा ऐकताना मांडीवर सहज हात देत होते. ते म्हणाले, "तीन आणि दोन. आपला झपताल दोन-तीन-दोन-तीन. यात घाबरण्यासारखं काय आहे?" तिसरा तट म्हणतो, सिनेमाची गाणी म्हणजे जॅझ नव्हेच. त्यांना आम्ही 'अलबेला' लावून उत्तर देतो. पटत नाही त्यांना, पण पाय हलतो.

आता शेवटचं आणि आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचं.

गेल्या काही वर्षांत आपल्या भागातले जुने वाडे पडत आहेत, मुलं पुण्याला, बंगळूरला, परदेशी आहेत. घर आवरताना माळ्यावरच्या पेट्या निघतात. तांब्या-पितळेला भाव येतो, रेकॉर्डी रद्दीबरोबर जातात. आम्ही काही ठिकाणी पोचलो तेव्हा पेटी रिकामी होती. दुसरीकडे ज्यांनी रात्री जागून रेडिओ ऐकला, ज्यांनी बँडात वाजवलं, ती माणसं आता नव्वदीला टेकली आहेत. रेकॉर्ड फुटली तर कुठंतरी दुसरी प्रत असेल. पण लेबलवर जे नाव छापलंच नाही, ते फक्त माणसांच्या आठवणीत आहे. ती माणसं गेली की नावही गेलं.

म्हणून तुमच्याकडे दोन मागणी आहेत. पहिली, रेकॉर्डी टाकू नका. त्या ताटांच्या चवडीसारख्या एकमेकींवर आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट लावू नका, स्पिरिटमध्ये लाख विरघळते. अगदीच मळली असेल तर लेबल भिजू न देता साध्या पाण्यानं पुसा आणि सावलीत वाळवा. चावीच्या फोनोला एका बाजूला एक पिन, हा जुना नियम पाळा. एलपीची सुई ७८ला लावू नका, तिची खाच जास्त रुंद असते. आणि लेबलाजवळ काळ्या भागात बारीक अंक कोरलेले असतात, ते लिहून ठेवा. रेकॉर्डची ओळख पटवायला ते फार उपयोगी पडतात.

दुसरी मागणी नावांची. आम्ही एक वही केली आहे. तुमच्या घरात, गल्लीत, शेजारी कुणी बँडात वाजवत असे का? कॅम्पातलं एखादं गोवेकर कुटुंब आठवतं का? त्यांच्या घरातलं कुणी मुंबईला स्टुडिओत वाजवायला जात असे का? कुठलं वाद्य, कुठलं साल, आठवेल ते सांगा. नाव मराठी असो, कानडी असो, कोकणी असो, आम्ही लिहून घेऊ. घरच्यांची परवानगी असेल तरच पुढे नेऊ.

सुरुवातीच्या प्रश्नाचं आमचं उत्तर असं. मराठी टिकवायची म्हणजे मराठीतून काय काय ऐकलं, कुणाकुणाबरोबर ऐकलं, हेही टिकवायचं. पुणतांब्याचा संगीतकार, हळदोण्याचा ट्रम्पेट, कोलंबोचं यंत्र आणि बेळगाव-निपाणीचा श्रोता, हे सगळं एका गाण्यात नांदलं. सीमेवर राहणाऱ्या माणसाला याहून जास्त आपलं असं दुसरं काय असणार?

वही मांडवाच्या दाराशी टेबलावर ठेवली आहे, पेनही बांधलं आहे. जाताना एक नाव लिहून जा. नसेल आठवत तर घरी आजोबांना-आजींना विचारा आणि विसर्जनापूर्वी आणून द्या.

गणपती बाप्पा मोरया!